खाली चारशे दहा

५ जानेवारी

मुलीकडून पार्सल आलं. आत साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र आणि चिठ्ठी. "बाबा, हे तळघरात तुमच्या टेबलावर ठेवा. खिडकीपासून लांब. दहा दिवस हात लावायचा नाही. माहितीपत्रकातल्या चुका काढून कंपनीला पाठवायच्या नाहीत."

तिच्या नव्या घरात रेडॉन निघाला. तिने तो घालवला. आता तिला तो आमच्याकडे शोधायचा आहे.

रेडॉन हा जमिनीतल्या खडकातून निघणारा किरणोत्सर्गी वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून घरात शिरतो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं फुप्फुसं पोखरतो.

"तुमच्या थोरल्या काकांसारखा," बायको म्हणाली. "न बोलावता यायचे आणि हलायचे नाहीत."

काकांना वास होता, हे मी लक्षात आणून दिलं.

ही वही खाजगी. आकड्यांची वही वेगळी. ती स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने टांगली आहे. तिच्यात रोज वायूचा आकडा लिहायचा, म्हणजे दोघांना दिसेल. आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर विसंबायला हरकत नाही. मी मुद्रितशोधक. एकतीस वर्षं छापखान्यात बसगाड्यांची वेळापत्रकं तपासली. एकही आकडा चुकीचा छापला गेला नाही. डावा कान तेवढा छपाईयंत्रांच्या आवाजाने बहिरा झाला. निवृत्तीनंतर तेच काम घरी करतो. तळघरात माझं टेबल, दिवा, चार शब्दकोश आणि खाट आहे. खाट तात्पुरती. तीन वर्षांपूर्वी बायको म्हणाली मी घोरतो, म्हणून खाली झोपायला आलो.

१५ जानेवारी

६४०.

मुलीला फोन केला.

"किती?"

"सहाशे चाळीस. दोनदा वाचला."

"बाबा, शंभराच्या आत हवा. तीनशेच्या वर गेला तर काहीतरी करावंच लागतं. तुम्ही सहाशे चाळीसमध्ये झोपता?"

"झोप छान लागते."

"आई कुठंय? आईला द्या."

आई शेजारीच होती. तिने तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. तिने यंत्र उचललं, आकडा पाहिला, खाली ठेवलं. "मी जन्मभर छातीवर बिल्ला लावून मोजूनमापून किरणं घेतली," ती फोनमध्ये म्हणाली. "आणि तुझे वडील खाटेवर पडून फुकटात घेतायत. तीन वर्षं."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आजपासून वर झोपा."

"तात्पुरतं," मी म्हणालो.

"तात्पुरतंच. हौस नाही मला."

१६ जानेवारी

पलंगावर माझ्या जागी कपड्यांचा ढीग होता. न केलेल्या इस्त्रीचा. बायकोला इस्त्रीचा जन्मजात तिटकारा आहे. ढीग उचलून खुर्चीवर ठेवला. तळाशी माझा एक सदरा सापडला, तो हरवला म्हणून मी दोन वर्षांपूर्वी नवा घेतला होता.

घोरलो. तिने लोकरीच्या सुईने टोचलं. मी विचारलं, टोकाची बाजू की बोथट? ती म्हणाली, आज बोथट.

१८ जानेवारी

बायको मला तिच्या जुन्या विभागात घेऊन गेली. तिथल्या मुलींनी तिला उठून खुर्ची दिली आणि मला उघड्या पाठीने थंडगार फळीला चिकटवलं. "श्वास घ्या. धरा." बायको काचेपलीकडून बघत होती. लग्नाच्या फोटोतही इतक्या बारकाईने बघत नव्हती.

फिल्म तिने स्वतः घेतली. तिथे उजेडाची पेटी आहे, ती सोडून खिडकीपाशी गेली. जुनी सवय. दोन्ही हातांनी फिल्म उजेडासमोर धरून बराच वेळ उभी राहिली.

"काय आहे?" मी विचारलं.

"स्वच्छ," ती म्हणाली. "हृदयसुद्धा आहे. मला शंका होती."

२१ जानेवारी

नवीन वेळापत्रक आलं. सव्वादोनशे पानं, नऊ विभाग, फेब्रुवारीअखेर परत द्यायचं. तळघर बंद, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली.

या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या पानावर खुणा करायच्या. छापखान्यात मला वाचक होता. घरी एकटाच दोन्ही कामं करतो.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "ओठ हलवत बसू नका, मला कसंतरी होतं. आणा इकडे, मी वाचते."

वाचू लागली. आवाज स्पष्ट आहे. "श्वास धरा" सांगून सांगून तयार झालेला. पण मजकुराबाहेरचं फार वाचते.

"सहा बावन्न. सहा चौपन्न. सहा चौपन्नला पोहोचते, सहा चौपन्नलाच सुटते. माणसं उतरवतात की भिरकावतात?"

"अगं, फक्त आकडे."

"सात एकवीस, गिरणी फाटा. सात बावीस, गिरणी. एक मिनिटात! फाट्यावर उतरून चालत गेला तर आधी पोहोचेल."

खुणा काय काय असतात, तेही विचारलं. मी दाखवल्या. खोडायची खूण, जागा सोडायची खूण. मग ज्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबं असतात त्याचा अर्थ सांगितला: शोधकाचीच चूक झाली. शब्द खोडू नका, आहे तसं राहू द्या.

"असंही असतं होय?" ती म्हणाली. "तुम्ही किती वेळा दिलीत अशी टिंबं?"

मी आठवून सांगितलं. एकतीस वर्षांत चारदा.

"कामाच्या ठिकाणी," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

२४ जानेवारी

मोज्यांसाठी बायकोने एक खण रिकामा करून दिला. तळाच्या कागदाखाली एक पाकीट मिळालं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तिने मला लिहिलेलं पत्र. दोन पानं. मी तेव्हाच तपासून परत दिलं होतं. अकरा चुका, सगळ्या लाल पेन्सिलीने नीट दाखवलेल्या. एरवी पत्र चांगलं होतं.

घोरण्याची तक्रार तिने त्याच आठवड्यात पहिल्यांदा केली. निवृत्तीनंतर माणसाचा घसा सैल होत असावा.

३० जानेवारी

तळघराच्या भेगा मी स्वतः बुजवल्या. चार दिवस गुडघ्यांवर. मुलगी म्हणत होती की नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. मी तिला म्हणालो, एकेक चूक सुधारत गेलं की पान शुद्ध होतं.

आज आकडा ६१०. गुडघ्यांचा आकडा वेगळा.

४ फेब्रुवारी

कारागीर आला. मुलीने शोधलेला. बायकोने दारातच त्याचं नाव भोकवाला ठेवलं, कारण त्याने चहाच्या आधी सांगितलं, "फरशीला भोक पाडायचं."

"चार दिवस मी भोकं बुजवत होतो," मी म्हणालो.

"छान केलंत. तुम्ही बारीक बुजवा, मी मोठं पाडतो. साहेब, वायू खालून येणारच. त्याला अडवायचं नसतं, वाट काढून द्यायची असते. फरशीखालची हवा पंख्याने ओढायची, पाइपमधून छपराच्या वर सोडायची. खाली हवेचा दाब कमी राहिला की वायू तुमच्या खोलीत कशाला येतोय?"

त्याने हातभर भोक पाडलं, खालची माती आमच्या जुन्या डावाने उपसली, पाइप बसवला. पाइप आमच्या झोपायच्या खोलीतून, कपाटामागून वर जातो. पंखा पोटमाळ्यावर. त्याची वायर मात्र तळघरातल्या एकुलत्या प्लगपर्यंत आणली. पाइपवर एक वाकडी काचेची नळी लावली, तिच्यात निळं पाणी. ती कशासाठी हे तो सांगत होता, पण त्याच वेळी मी त्याचं माहितीपत्रक वाचत होतो. पहिल्याच पानावर सात चुका.

बायकोने विचारलं, "मग हे परत खाली कधी जाणार?"

"आठ दिवसांत, मॅडम. हमखास."

"आठच दिवसांत?"

तिचा त्याच्या कामावर विश्वास दिसत नाही. माझाही नव्हता. सात चुका.

७ फेब्रुवारी

९५!

धावत वर जाऊन सांगितलं. बायको चौथा विभाग हातात घेऊन बसली होती. "वा," म्हणाली. मग प्रत ठेवली, खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलला आणि खाली इस्त्री करायला गेली.

माणूस कोणत्या वयात बदलेल, सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी

३६०. काही कळेना. काचेच्या नळीकडे पाहिलं. पहिल्या दिवशी निळं पाणी एका बाजूला वर, एका बाजूला खाली असं वेडंवाकडं होतं. आज दोन्ही बाजूंना अगदी एका ओळीत. म्हणजे यंत्रणा स्थिरावते आहे. बरं वाटलं.

माझे सगळे सदरे इस्त्रीचे झाले आहेत.

१२ फेब्रुवारी

५६०. पाणी एका ओळीत. रुमाल झाले. पायपुसणीसुद्धा.

"पंखा चालतोय ना?" मी बायकोला विचारलं. पोटमाळ्यावरचा आवाज मला ऐकू येत नाही. ती पाइपच्या बाजूलाच झोपते.

"मला काय विचारता? चला, पाचवा विभाग. घ्या पेन्सिल."

१३ फेब्रुवारी

भोकवाल्याला बोलावून घेतलं. त्याच्या कामाविषयी माझं मत मी जिन्यातच सांगितलं.

"पण पाणी मात्र सरळ आहे," मी म्हणालो. "तेवढं श्रेय तुम्हाला."

त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, पाणी सरळ म्हणजे पंखा बंद. ओढ असली तर एका बाजूला चढणार ना? वाकडं तेच बरोबर. मी सांगितलं होतं तुम्हाला."

प्लगपाशी गेलो. प्लगमध्ये इस्त्री होती. पंख्याची वायर जमिनीवर, नीट गुंडाळून ठेवलेली.

बायको जिन्यात उभी होती. "अगंबाई," ती म्हणाली. "विसरले वाटतं लावायला."

"वायर डायरेक्ट जोडून टाकू का, मॅडम? मग काढायचा प्रश्नच नाही."

"नको. मग इस्त्री कुठे लावू?"

भोकवाल्याने टेबलाकडे पाहिलं. तिथे घडी घातलेली, कडक इस्त्रीची फडकी होती. भांडी पुसायची. मग त्याने बायकोकडे पाहिलं. मग दोन बिस्किटं खाल्ली, पैसे नको म्हणाला आणि निघाला. जाताना माझा हात दाबला. "नशीबवान आहात, साहेब."

इस्त्रीच्या फडक्यांबद्दल म्हणत असावा.

१४ फेब्रुवारी

प्लगवर सूचना लावली. नीट अक्षरात, चौकटीत. "पंख्याचा प्लग काढू नये. इस्त्री अन्यत्र करावी."

बायकोने वाचली. "शुद्ध आहे," म्हणाली.

१७ फेब्रुवारी

५२०. वायर पुन्हा जमिनीवर. सूचना जागेवर. बायकोचं म्हणणं, पडदे राहिले होते.

मुलगी फोनवर ओरडली. "पंखा बंद असेल तर यंत्र वर नेऊन बघा! वायू काय जिन्याला दार आहे म्हणून थांबतो का?"

यंत्र पलंगाशेजारी, माझ्या उशीजवळ ठेवलं.

१९ फेब्रुवारी

वर १९०.

बायको यंत्र हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसली. काही विनोद केला नाही. "हे तुमच्या उशाशी?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती उठून खाली गेली. इस्त्रीचं टेबल घडी करून वर आणलं आणि कपाटामागे ठेवून दिलं.

"पंखा सुरू केलाय," ती म्हणाली. "आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

माझ्या सूचनेचा परिणाम व्हायला पाच दिवस लागले. लोक चौकटीतलं उशिरा वाचतात.

२३ फेब्रुवारी

खाली ४४. वर ३०. निळं पाणी छान वाकडं.

मुलगी खूश. "बाबा, आता बिनधास्त खाली झोपा. जन्मभर झोपा."

बायकोने वहीतला आकडा पाहिला. "तुमची खाट झटकून ठेवते," ती म्हणाली. गादी उन्हात टाकली आणि इतकी बडवली की शेजारीण खिडकीत आली.

संध्याकाळी वाचन झालं नाही. आठवा विभाग निम्मा आहे. मी प्रत उघडून बसलो होतो. ती म्हणाली, "आता खाली जाऊन ओठ हलवा. खाली कुणाला कसंतरी होणार नाही."

खाट उद्यापासून, असं मी सांगितलं. गादीला अजून उन्हाचा वास आहे, असं कारण दिलं. फारसं पटण्यासारखं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

दिवसभर तळघरात काम केलं. हवा शुद्ध, दिवा चांगला, शांतता. शब्दकोश चारही हाताशी. एकट्याने दोन्ही प्रती वाचल्या.

दुपारी चहाला वर गेलो. बायको खिडकीशी विणत होती. काय विणते विचारलं. "काही नाही," म्हणाली. खरंच काही नव्हतं. विणून उसवत होती.

खाली येऊन सकाळची पानं पुन्हा पाहिली. पान एकशे ब्याण्णववर एक बस नऊ चाळीसला सुटते आणि नऊ पस्तीसला पोहोचते. मूळ प्रतीत बरोबर, छापलेल्यात चूक. मी तिच्यावरून गेलो होतो. खाली बरोबरची खूण केली होती, माझी सही होती.

एकतीस वर्षांत असं झालेलं नाही. तिने वाचलं असतं तर त्या बसला सोडलंच नसतं. प्रवासी निघण्याआधीच घरी येतात, मग जातात कशाला, असं काहीतरी म्हणाली असती.

चूक सुधारली. बराच वेळ खाटेवर बसलो. खाट अरुंद आहे. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

रात्रीपुरतं वर झोपलो. मान दुखते म्हणालो. उद्या नक्की.

२५ फेब्रुवारी

खाली ४१.

वहीत लिहिला. ४१. वही खिळ्याला टांगली. चहा घेतला. पेपर वाचला, त्यात तीन चुका. परत वहीपाशी गेलो. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती. पेन घेतलं आणि एकेचाळीसच्या पुढे एक शून्य काढलं.

शून्य अगदी गोल आलं. तेच वाईट.

पंखा चालू आहे, हे मी खाली जाऊन तीनदा पाहिलं. हवा स्वच्छ आहे, कुणाच्या फुप्फुसाला धोका नाही. फक्त वहीत खोटं आहे. ज्या माणसाने आयुष्यात एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्याने तीनशे एकोणसत्तर एका झटक्यात वाढवले. शून्यासाठी दुसरं पेन हाताला लागलं होतं, हे नंतर लक्षात आलं. शाई किंचित गडद आहे. कुणाच्या ध्यानात येणार नाही.

जेवताना बायकोने विचारलं, "काय म्हणतोय तुमचा वायू?"

"चढला."

"किती?"

"चारशे दहा."

ती उठली. खिळ्यावरून वही काढली, खिडकीपाशी गेली आणि ते पान दोन्ही हातांनी उजेडासमोर धरलं. बराच वेळ. मी वरण ढवळत होतो.

"पंखा बंद पडला की काय?"

"पडत असेल. मधूनमधून."

"कपाटामागे तर गुणगुणतोय. सकाळपासून ऐकतेय."

मी डावा कान पाइपच्या दिशेला केला. "मला काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला कसं येणार." तिने वही परत टांगली, नीट, पान उघडं ठेवून. बसली, माझ्या ताटात आणखी भात वाढला. "मग राहा वर. चारशे दहामध्ये माणूस झोपतो का कुठे?"

"तात्पुरतं," मी म्हणालो.

"तात्पुरतंच. आणि तो आठवा विभाग आणा वर. निम्म्यावर सोडलाय, जीव टांगणीला लागलाय माझा. गिरणीवाले पोहोचले की नाही?"

२६ फेब्रुवारी

आठवा संपला. गिरणीवाले पोहोचले. पहाटे एकदा घोरलो म्हणे. सुई बोथट बाजूने.

२७ फेब्रुवारी

आजचा आकडा लिहायला वही काढली. परवाच्या ४१० खाली तीन लाल टिंबं होती. बारीक, एका ओळीत, सारख्या अंतरावर. माझ्याच पेन्सिलीने दिलेली. पेन्सिल तिच्या विणकामाच्या पिशवीत सापडली.

आकडा चुकीचा आहे. खूण अचूक आहे. वहीला हात लावला नाही.

मग मोज्यांच्या खणातलं पाकीट काढलं. पत्र पहिल्यापासून वाचलं. तपासलं नाही, वाचलं. खूप वेळ लागला, दोनच पानं असूनही. मी लाल पेन्सिल घेतली आणि मी खोडलेल्या अकराही शब्दांखाली टिंबं दिली. पत्र पुन्हा कागदाखाली ठेवलं, कोपरा जरा बाहेर ठेवून.

नववी चूक खरोखरच चूक आहे. तिच्याखालीही दिली.